टपाल हशील, परदेशी (लहान पार्सलांचे)

साधारणपणे 2 किलोपर्यंतचे पुडके देशाबाहेर पोचवण्यासाठी टपाल खाते किंवा कुरियरवाला घेतो ती रक्कम. ठाणे, डोंबिवली, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात हा विषय दरवर्षी नवरात्राच्या सुमारास निघतो, कारण परदेशातल्या मुला-नातवंडांना फराळ दिवाळीत मिळायचा तर डबा दसऱ्याच्या आगेमागे घराबाहेर पडावा लागतो. एकाच डब्याला तीन ठिकाणी तीन भाव सांगितले जातात. पाठवणारा त्या फरकाचे कारण अंतरात शोधतो. ते मुख्यतः वर्गवारीत आहे. तोच डबा पत्रटपाल म्हणून गेला, पार्सल म्हणून गेला, जलद टपाल म्हणून गेला की हवाई माल म्हणून गेला, यावर त्याचा हिशेब कोणत्या कराराखाली होणार हे ठरते. हे करार वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गृहीतकांवर झालेले आहेत.

शब्द : ‘हशील’ हा अरबी ‘हासिल’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ उत्पन्न, वसूल असा आहे. ‘त्यात काय हशील?’ या प्रयोगात तोच शब्द निष्पत्ती या अर्थाने टिकला आहे. ‘टपाल’ची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त आहे. एका मतानुसार तो ‘टप्पा’शी संबंधित असून जासूद टप्प्याटप्प्याने थैली पुढे नेत त्या पद्धतीवरून पडला. दुसरीकडे कन्नड, तेलुगू आणि तमिळ या भाषांतही तो थोड्याफार फरकाने आढळतो, त्यामुळे कोणी कोणाकडून घेतला हे निश्चित सांगणे कठीण आहे. पहिल्या मताने अंत्य ‘ल’ची उपपत्ती नीट लागत नाही; तरीही टप्प्याची कल्पना मराठीत आजही जिवंत असल्याने ते अधिक ग्राह्य वाटते. उत्तरेकडचा ‘डाक’ हा शब्द सरकारी मराठीत रुळला आहे. ठाण्यात पाटीवर ‘डाकघर’ असते आणि बोलण्यात ‘पोस्ट’.

इतिहास : अंतराऐवजी वजनावर एकसमान हशील घ्यायचे ही कल्पना ब्रिटनमध्ये 1840 साली रोलंड हिल यांच्या सुधारणांनी अमलात आली. हिंदुस्थानात 1854 पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा देशभर एकच दर लागू झाला. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी त्याच्या आदल्या वर्षी, 16 एप्रिल 1853 रोजी धावली होती. देशाबाहेरचा व्यवहार मात्र द्विपक्षीय करारांवर चाले आणि पत्र कोणत्या मार्गाने, कोणाच्या जहाजाने जाते त्यानुसार दर बदले.

हा गुंता सोडवण्याचे श्रेय कोणाचे, याविषयी दोन परंपरा आहेत. अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांच्या पुढाकाराने 1863 साली पॅरिसला 15 देशांची परिषद भरली. तिने सामान्य तत्त्वे मांडली, पण बंधनकारक करार केला नाही. उत्तर जर्मनीचे टपाल अधिकारी हाइनरिख फोन श्टेफान यांनी 1868 मध्ये सर्व देशांच्या टपाल संघाची योजना पुढे आणली आणि 9 ऑक्टोबर 1874 रोजी बर्न येथे 22 देशांनी करारावर सह्या केल्या. संदर्भग्रंथांत सहसा श्टेफान यांना जनक म्हटले जाते. कराराचा आराखडा त्यांचा होता हे लक्षात घेता ते योग्यच आहे, पण प्रश्न सर्वांच्या पटलावर प्रथम पॅरिसमध्येच आला. हिंदुस्थान 1 जुलै 1876 रोजी संघात दाखल झाला. संघाचे ‘जागतिक टपाल संघ’ हे नाव 1878 पासूनचे.

बर्न कराराने सर्व सभासद देश मिळून पत्रांच्या देवघेवीसाठी एकच टपाल प्रदेश मानला आणि ज्या देशाने हशील वसूल केले त्यानेच ते ठेवावे असे ठरवले. पत्र वाटणाऱ्या देशाला त्याबद्दल काही मिळत नसे. यामागचे गृहीतक असे की प्रत्येक पत्राला उत्तर येते, म्हणून आवक-जावक सरासरीने सारखी राहते. खाजगी पत्रांपुरते ते बरेचसे खरे असावे. वर्तमानपत्रे, छापील जाहिराती आणि वस्तू यांना मात्र उत्तर येत नाही. अखेर संघाच्या 1969 च्या टोकियो अधिवेशनात वाटणाऱ्या देशाला मोबदला देण्याचे मान्य झाले आणि 1971 पासून ते अमलात आले. या मोबदल्याला टर्मिनल ड्यूज म्हणतात. त्याचे हिशेब पूर्वी सुवर्ण फ्रँकमध्ये होत. आता ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष आहरण अधिकार या एककात होतात.

पार्सलांचा इतिहास वेगळा आहे. त्यांचा करार 1880 मध्ये पॅरिसला स्वतंत्रपणे झाला आणि त्यात पार्सल ज्या देशांतून जाईल व जिथे वाटले जाईल त्या प्रत्येकाला मोबदल्याची तरतूद सुरुवातीपासून होती. लहान पुडके नंतर पत्रटपालाच्या बाजूने आले, म्हणून त्याची मर्यादा 2 किलो राहिली. भारतातून परदेशी जाणारी लहान पुडक्याची सेवा 1 जानेवारी 2026 पासून बंद झाली; तोवर 1 किलो 900 ग्रॅमचा डबा पत्रांच्या हिशेबात मोडे आणि 2 किलो 100 ग्रॅमचा पार्सलांच्या. दोघांत दोन वाट्या चिवड्याचा फरक असला तरी मागे दोन वेगळे करार उभे असत. हशिलाविषयीचा बराचसा गोंधळ या एका रेषेपाशी सुरू होई.

टर्मिनल ड्यूजचा वाद : बेजिंग अधिवेशनापासून (1999) औद्योगिक आणि विकसनशील देशांसाठी मोबदल्याची वेगळी सूत्रे आली; विकसनशील देशांना तो कमी द्यावा लागे. इस्तंबूल अधिवेशनाने (2016) वस्तू असलेल्या पुडक्यांचे दर पत्रांपासून वेगळे केले. दरम्यान ऑनलाइन व्यापार वाढला आणि चीनमधून निघालेले हलके पुडके अमेरिकेत अमेरिकेतल्याच टपालापेक्षा स्वस्तात पोचू लागले. अमेरिकेने ऑक्टोबर 2018 मध्ये संघातून बाहेर पडण्याची सूचना दिली. जिनिव्हा येथे सप्टेंबर 2019 मध्ये भरलेल्या असाधारण अधिवेशनात वाटणाऱ्या देशांना आपले दर स्वतः जाहीर करण्याची मुभा मिळाली आणि अमेरिकेचे असे दर 1 जुलै 2020 पासून लागू झाले.

चिनी पुडके स्वस्त असण्याचे कारण केवळ टर्मिनल ड्यूज होते, असे एक मत आहे. दुसरे मत प्रचंड संख्या, एकगठ्ठा हवाई वाहतूक आणि निघण्याच्या ठिकाणचा कमी खर्च यांवर भर देते. दुसऱ्या मताकडे झुकावेसे वाटते, कारण सूत्र अनेक विकसनशील देशांना सारखेच मिळूनही त्याचा एवढा लाभ मोजक्यांनाच उठवता आला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आईला चीनहून न्यू जर्सीला जाणारी वस्तू जवळपास फुकट दिसे आणि स्वतःच्या डब्याला हजारो रुपये पडत. तिची तक्रार रास्त होती, पण तुलना एका डब्याची लाखो पुडक्यांशी होती.

वजन आणि आकारमान : लहान पुडक्याची लांबी, रुंदी व उंची मिळून 900 मिलिमीटरच्या आत आणि कोणतीही एक बाजू 600 मिलिमीटरच्या आत असावी लागे. परदेशी स्पीड पोस्टाचे दर देशागणिक, पहिल्या 250 ग्रॅमला एक आणि पुढच्या प्रत्येक 250 ग्रॅमला दुसरा, असे असतात. त्यामुळे 1,010 ग्रॅमचा डबा 1,250 ग्रॅमचा ठरतो. खोका, चिकटपट्टी आणि आतले कागदाचे बोळे हेही वजनातच जातात, म्हणून घरच्या काट्यावर फक्त फराळ तोलून निघालेल्या माणसाचा अंदाज खिडकीवर चुकतो. एके काळी पार्सल मांजरपाटात शिवून त्यावर लाखेची मोहर करत. त्या कापडाचेही वजन धरले जाई.

खाजगी कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. आकारमानी वजन काढण्यासाठी तीन बाजू सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5,000 ने भागतात. 30 × 20 × 20 सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमानी वजन 2.4 किलो येते आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे आकारणी 2.5 किलोची होते. या खोक्यात पातळ पोह्यांचा चिवडा भरला तर प्रत्यक्ष वजन सव्वा-दीड किलोच्या आसपास राहील. उरलेल्या किलोचे पैसे हवेसाठी पडतात. बेसनाचे लाडू गच्च भरले तर उलट काट्यावरचे वजनच जास्त भरते. म्हणून चिवडा-चकलीसारखे फुगीर जिन्नस आणि लाडू-शंकरपाळ्यांसारखे भरीव जिन्नस एकाच खोक्यात, पोकळी न ठेवता भरणे किफायतशीर ठरते. चकलीचा चुरा होऊ नये म्हणून खोका मोठा घेतला तर ती बचत जाते. हा प्रश्न गृहिणींनी गणिताशिवाय, अनुभवाने सोडवला आहे : चकल्यांच्या डब्यात फटी राहतात तिथे चिवडा.

यावर इंधन अधिभार, दूरच्या गावासाठीचा अधिभार आणि 18 टक्के वस्तू व सेवा कर येतो. फोनवर सांगितलेल्या दरात हे धरलेले असेलच असे नाही.

ठाणे-नवी मुंबईतील व्यवहार : टपालाचा परदेशी दर देशभर एकच असल्याने ठाणे मुख्य डाकघरातून निघालेल्या आणि गडचिरोलीहून निघालेल्या डब्याला सारखेच हशील पडते. न्हावाशेवा बंदर उरणला, हाकेच्या अंतरावर असल्याचा घरगुती पार्सलाला काही फायदा नाही. इथली पार्सले मुंबईला जातात व तिथे सीमाशुल्क तपासणी होऊन पुढे निघतात. परदेशी टपालाचे जुने केंद्र बॅलार्ड इस्टेटमधील विदेश डाक भवन हे आहे.

ठाणे स्टेशन, गोखले रोड किंवा वाशीच्या सेक्टर 17 सारख्या बाजारभागांत छोटी कुरियर दुकाने असतात. बहुतेकांचे स्वतःचे विमान नाही की परदेशात माणसे नाहीत. ती पार्सले गोळा करून मोठ्या कंपनीला घाऊक दराने देतात, किंवा ‘सेल्फ नेटवर्क’ने, म्हणजे अनेकांची पार्सले एकत्र परदेशी नेऊन तिथल्या स्थानिक वाटप सेवेच्या हवाली करतात. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या जाहीर दरापेक्षा तिच्याच मार्गाने जाणारे पार्सल दुकानात स्वस्त पडते. जड डब्याला दर किलोमागचा भाव उतरतो. 10 किलोच्या आसपास दुकानदार टपालाशी सहज स्पर्धा करतो. अर्ध्या किलोला सहसा टपाल परवडते. दोन्हीकडे ओळखपत्राची झेरॉक्स लागते.

सीमाशुल्क : हशील भरले म्हणजे खर्च संपला असे नाही. टपालाच्या वस्तूवर किंमत आणि टपालाचा प्रकार पाहून सीएन 22 किंवा सीएन 23 हा सीमाशुल्क घोषणापत्राचा नमुना लावतात. ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून आणि युरोपीय संघाने 1 जुलै 2021 पासून कमी किमतीच्या विकत मागवलेल्या वस्तूंवरची मूल्यवर्धित कराची सूट काढली. भेटवस्तूंसाठी वेगळ्या मर्यादा राहिल्या. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या खाजगी पार्सलांत दुग्धजन्य पदार्थांना मनाई असल्याने खव्याचे पेढे आणि बर्फी अडकतात. अमेरिकेत अन्नपदार्थांच्या पार्सलाची पूर्वसूचना द्यावी लागते, पण एखाद्याने स्वतःच्या घरी केलेला आणि भेट म्हणून पाठवलेला पदार्थ या अटीतून वगळला आहे. दुकानातून आणलेली आणि घरी तळलेली करंजी तिथल्या नियमात दोन वेगळ्या वस्तू आहेत.

अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून थांबवली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक टपालसेवा स्थगित केली आणि महिनाअखेरीस ती पूर्ण बंद केली. 15 ऑक्टोबरला ती पुन्हा सुरू झाली, ती घोषित किमतीच्या 50 टक्के शुल्क पाठवतानाच आगाऊ घेण्याच्या पद्धतीने. 100 डॉलरपर्यंतच्या भेटी त्यातून मोकळ्या राहिल्या. तोवर दिवाळी अगदी तोंडावर आली होती, आणि त्या वर्षी अमेरिकेला वेळेत पोचवायचा फराळ कुरियरच्या दुकानांतूनच पाठवावा लागला.

घरगुती उद्योगांना 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रांत निर्यातीची कागदपत्रे ऑनलाइन भरता येतात. विक्रीचा माल भेट म्हणून लिहिणे हा कायदेभंग आहे, आणि त्यात अडकलेल्या पार्सलाचे हशील परत मिळेल असे धरता येत नाही.