खाडीचं खारं पाणी कुठवर येणार? आमच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं

कोल्हापुरात बसून खाडीचं काय काम करताय, असं बरेच जण विचारतात. खरंय, आमची पंचगंगा कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागराकडं जाते, आणि शिरोळकडची जमीन खारवली ती उसाला दिलेल्या जादा पाण्यानं. पण गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलं की हिशोब बदलतो, आमचे कस्टमर सगळे तिकडचे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं म्हणून ते जड, तळानं आत सरकतं, भरती-ओहोटी त्याला ढवळते आणि नदी त्याला परत खाली ढकलते. पावसाळ्यात नदी जिंकते, एप्रिल-मेमध्ये नदी आटली आणि त्यात उधाण आलं की खारं पाणी जॅकवेलपर्यंत, म्हणजे नळयोजनेचं पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत पोचतं. आणि बिघडायला फार लागत नाही बघा, पिण्याच्या पाण्यात क्लोराईड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात, समुद्रात ते १९,००० च्या आसपास, म्हणजे १०० लिटरमध्ये दीड लिटर समुद्र आला तरी २५० ची हद्द गेली.

शेजारच्या खाडीचा अंदाज आपल्याला लावून चालत नाही. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही येतं, बाकीच्यांना ते कुठलं!

आमचं सॉफ्टवेअर मुखापासून आतपर्यंत खाडीचे आडवे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यात पाण्याची पातळी, वेग आणि मीठ किती ते दर काही मिनिटांनी काढतं. वरचं-तळाचं, या काठाचं-त्या काठाचं सगळं सरासरीत धरतो, म्हणून साध्या लॅपटॉपवर चालतं आणि म्हणूनच स्वस्त पडतं. पण जिथं गोडं वर आणि खारं खाली असे थर सरळ वेगळे राहतात तिथं, किंवा बंदराचा गाळ काढायचा असेल तर हे घेऊ नका. त्याला डेल्फ्ट-थ्रीडी, टेलेमॅक अशी ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत, फुकट मिळतात, फक्त ती चालवणारा जाणता माणूस लागतो आणि खरा खर्च तिथं. विहिरीत खारं पाणी आलं असेल तर तो भूजलाचा विषय, त्याला मॉडेलच वेगळं.

तुमच्याकडून लागतं ते खाडीची रुंदी-खोली, भरतीचं वेळापत्रक, वरून येणारा प्रवाह आणि मिठाचं मोजमाप. मोजायचं असं: भरती थांबते त्या वेळी मुखापासून होडी काढायची, ती थांबायची वेळ आत आत उशिरा होत जाते, तिच्याबरोबरच वर जायचं आणि दर किलोमीटरला वर आणि तळाशी ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारेपणा दाखवणारा) बुडवायचा. एकदा उधाणाला, एकदा भांगाला, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा. मीटर घेताना रेंज बघा, समुद्राच्या पाण्याची ईसी ५०,००० मायक्रोसिमेन्सच्या वर जाते आणि घरगुती टीडीएस मीटर बरेचसे १०,००० पीपीएमच्या आतच थांबतात. प्रवाहाचा आकडा बहुतेकांकडं नसतोच, मग आम्ही कमी, मध्यम, जास्त असे तीन धरून चालवतो आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहितो. एकच आकडा ठोकून सांगा म्हणाल तर ते आमच्याकडून होणार नाही.

लायसन्सचे पैसे एकदाच, दरवर्षीची फी नाही. ऑफिस उद्यमनगरात आहे, येताना खाडीचा नकाशा आणि असतील तर जुनी मोजमापं आणा. तुमची खाडी आमच्या मॉडेलात बसत नसेल तर तिथल्या तिथं सांगू, त्या बघण्याचे पैसे घेत नाही.