रक्त गाळलं की कोलायटिस कायमचा जातो?

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला दीर्घकाळ दाह होऊन जखमा पडणाऱ्या आजाराच्या, रुग्णांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: डायलिसिससारखं रक्तातलं विष काढलं की आजार मुळासकट जातो. असं होत नाही.

जपानमध्ये रूढ असलेल्या अ‍ॅडाकॉलम उपचारात एका हाताच्या शिरेतून रक्त बाहेर येतं, सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या 2 मिलिमीटरच्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून जातं आणि दुसऱ्या हातातून शरीरात परततं. मिनिटाला साधारण 30 मिलिलिटर, असं तासभर. मण्यांना चिकटतं ते विष नव्हे, तर दाह भडकवणाऱ्या पांढऱ्या पेशी: मुख्यतः ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट. शरीर त्या पुन्हा तयार करतंच.

मग कशासाठी करायचं? वय झालेलं, सोबत सायटोमेगालोव्हायरस या विषाणूचा संसर्ग, अशा वेळी प्रतिकारशक्ती आणखी दाबणारी औषधं जोखमीची ठरतात. तिथे हा मार्ग खरोखर मोलाचा वाटतो. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत तो लुटुपुटूच्या, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा केलेल्या, प्रक्रियेपेक्षा सरस ठरला नाही, हेही रुग्णाला सांगायलाच हवं.

आतड्याला छिद्र पडलं असेल तर शस्त्रक्रियाच लागते. आणि कळकळीनं सांगते, या उपचाराच्या भरवशावर स्टिरॉइड मनानं बंद करू नका.