पावसाळी वाहन-अपघातांतील कायदेशीर जबाबदारी (गोवा)

पाऊस, धुके, वादळी वारा किंवा रस्त्यावर साचलेले पाणी यांच्यामुळे घडलेल्या वाहन-अपघातात दोष कोणाचा आणि भरपाई कोणी द्यायची, हा मोटार अपघात कायद्यातला नेहमीचा वादविषय आहे. गोव्यात त्यासाठी वेगळा कायदा नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८, त्याखालील नियम आणि भारतीय न्याय संहिता २०२३ हेच येथे लागू होतात. विवाह व वारसा यांबाबत गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालू असला, तरी अपघाताची भरपाई केंद्रीय कायद्यानेच ठरते. वेगळा आहे तो येथला पाऊस. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ‘अचानक पाऊस आला’ हा बचाव मार्चमध्ये एक वेळ ऐकून घेता येईल, जुलैमध्ये मात्र तो टिकत नाही.

देवाची करणी

कायद्याच्या भाषेत ‘देवाची करणी’ म्हणजे माणसाचा हात नसलेली, आधी अंदाज न येणारी आणि योग्य काळजी घेऊनही न टाळता येणारी नैसर्गिक घटना. वीज, भूकंप, अभूतपूर्व पूर ही तिची उदाहरणे. कर्नाटक राज्य परिवहन महामंडळाच्या बसच्या एका अपघात प्रकरणात (महादेव शेट्टी, २००३) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रत्येक वारा आणि वादळ जबाबदारीतून सुटका देत नाही. ते येण्याची शक्यता वाजवीपणे ओळखता येत असेल, तर हा बचाव उभा राहत नाही. चोर्ला घाटातले पावसाळी धुके, करमल घाटाची ओली वळणे, अनमोड घाटातली सुटणारी दरड यांना ही कसोटी लावली, तर चालकाच्या बाजूने फारसे काही उरत नाही. यातले काहीच अनपेक्षित नसते.

धावत्या गाडीवर मुळासकट कोसळलेले निरोगी झाड हे त्यातल्या त्यात खऱ्या अर्थाने देवाच्या करणीजवळ जाते. दरड आधीच रस्त्यावर येऊन पडली असेल आणि चालक वेगात तिच्यावर आदळला, तर दरड देवाची, पण धडक माणसाची.

चालकाचे कर्तव्य

वाहन चालवण्याबाबतचे २०१७ चे विनियम (यांनी १९८९ चे ‘रस्त्याचे नियम’ रद्द केले) वेग आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर परिस्थिती पाहून ठेवायला सांगतात. म्हणून फलकावर लिहिलेली वेगमर्यादा ही कोरड्या, स्वच्छ दिवसाची कमाल मर्यादा समजावी. पाणी धो-धो कोसळत असताना त्याच आकड्याने गाडी हाकणारा ‘मर्यादेतच होतो’ म्हणून सुटत नाही. गाडी घसरली एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, हेही खरे; पण ती का घसरली याचा खुलासा चालकालाच द्यावा लागतो. नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी मोटार १९६० साली रस्त्याकडेच्या झाडावर आदळली होती. त्या प्रकरणात (पुष्पाबाई उदेशी, १९७७) ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व लागू झाले. नीट चाललेली गाडी सहसा झाडावर जात नाही. गेली तर कारण सांगायचे ओझे तिच्या बाजूवर पडते.

झिजलेले टायर, न चालणारे वायपर आणि बंद पडलेला मागचा दिवा यांमुळे हा खुलासा देणे आणखी अवघड होते. हे दोष पावसाच्या आधीचे असतात; पाऊस त्यांना फक्त उघडे पाडतो. मालकाची जबाबदारी तर याहून पुढे जाते. एका जीपचा टायर फुटून ती उलटली आणि पादचारी दगावला, त्या कौशनुमा बेगम प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध नसतानाही मालकाला भरपाई द्यायला लावली. आधार घेतला तो १८६८ च्या ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या इंग्लिश निवाड्याचा. तो खटलाही पाण्याचाच होता: एकाने बांधलेल्या जलाशयाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले होते.

फौजदारी बाजू निराळी आहे. बेदरकारपणे वाहन चालवणे (भारतीय न्याय संहितेचे कलम २८१) आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे (कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद) यांसाठी संशयापलीकडचा पुरावा लागतो. गाडी ‘भरधाव’ होती एवढे पुरेसे नाही, असे कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश (१९९८) या निवाड्यात म्हटले आहे. दिवाणी दाव्यात मात्र शक्यतेचा तराजू कुठे झुकतो एवढेच पाहतात. त्यामुळे पावसाचा फायदा मिळून फौजदारी खटल्यात निर्दोष सुटलेल्या चालकाविरुद्ध भरपाईचे दावे ऐकणाऱ्या लवादाने निवाडा देणे यात विसंगती नाही.

भरपाई

दावा मोटार अपघात दावा लवादापुढे (पणजी, म्हापसा, मडगाव) दाखल होतो आणि अपील पर्वरीतील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे जाते. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ खालच्या, म्हणजे दोष दाखवून भरपाई मागण्याच्या, अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली; तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. दोष सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. तेथे हवामानाचा वाद उद्भवतच नाही. दोन्ही चालक चुकले असतील, तर टक्केवारी ठरवून जखमीच्या वाट्याइतकी रक्कम कापतात. धुक्यात दिवे न लावता उभा ठेवलेला ट्रक आणि त्यावर मागून आदळलेला दुचाकीस्वार हे याचे ठरलेले उदाहरण.

गोव्यातली वर्तमानपत्रे ज्याला ‘स्वयंअपघात’ म्हणतात, तेथे घोडे अडते. ओल्या वळणावर घसरून स्वतःच पडलेला चालक ‘तिऱ्हाईत’ (थर्ड पार्टी) नसल्यामुळे त्याच्या वारसांना त्याच गाडीच्या तिऱ्हाईत विम्यातून काही मिळत नाही. मालक-चालकासाठीचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण तेवढे कामी येते, तेही हप्ता भरलेला असेल तर. पर्यटकांना खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देण्याचा प्रकार येथे जुना आहे. अशा गाडीच्या विमापत्राच्या अटींचा भंग झालेला असतो, त्यामुळे भरपाईचा भार शेवटी मालकाच्या अंगावर येण्याचा धोका राहतो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली परवानाधारक ‘रेंट-अ-कॅब’ या बाबतीत सुरक्षित.

रस्ता सांभाळणारे

येथे कायद्याची दोन मापे दिसतात. पाऊस अपेक्षित असतो, म्हणून चालकाला सूट नाही. मग तोच अपेक्षित पाऊस दरवर्षी गटार तुंबवतो, खड्डा पाडतो, तेव्हा सूट कोणाला? २०१९ साली आलेले कलम १९८अ सदोष आराखडा, बांधकाम वा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि तीही पीडिताच्या हाती न जाता निधीत जमा होते. झाडांबाबतचा, राजकोट महापालिकेच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा (१९९७) पीडितांसाठी आणखी कडक आहे: रस्त्याकडेचे झाड पडून माणूस दगावला, तरी पालिकेवर भरपाईची जबाबदारी आली नाही. उलट दिल्लीतला घंटाघर कोसळला, त्या सुभगवंती प्रकरणात (१९६६) पालिकेला भरपाई द्यावी लागली होती, कारण आयुष्य संपलेली ती इमारत तिच्याच ताब्यात होती.

काही वेळा घसरण पावसाची नसतेच. सांवर्डे–कुडचडे पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांमागे साचणारा तांबडा चिखल, मासळीच्या ट्रकांतून गळणारे पाणी, बांधकामाच्या जागेवरून चाकांबरोबर आलेली माती यांचा कर्ता शोधता येतो. कोरड्या जागेच्या शोधात महामार्गावर येऊन बसलेल्या गुरांचा मालक मात्र अपघातानंतर कधीच पुढे येत नाही.

पुरावा

पावसाचा पहिला बळी पुरावा असतो. ब्रेकच्या खुणा, सांडलेले तेल, काचेचे तुकडे तासाभरात धुऊन जातात आणि पोलिसांच्या पंचनाम्यात ‘रस्ता ओला’ एवढेच दोन शब्द उरतात. २०२२ पासून पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत लवादाला द्यायचा असतो. तरीही पाणी किती उंचीचे होते, पथदीप चालू होता का, खड्ड्याभोवती अडथळा होता का, हे बहुधा तिथे थांबलेल्या एखाद्या वाटसरूच्या मोबाईलमधल्या छायाचित्रावरूनच कळते. जखमीला मदत करणाऱ्या अशा वाटसरूला कलम १३४अ चे संरक्षण आहे. साक्षीसाठी त्याच्यावर सक्ती करता येत नाही. हवामान खात्याच्या आल्तिनो (पणजी) किंवा मुरगाव वेधशाळेची नोंद सादर करता येते. पण पणजीत ऊन असताना फोंड्यात मुसळधार कोसळणे येथे नवे नाही, आणि विरुद्ध बाजूचा वकील ते लवादाला आवर्जून सांगतो.