पासवर्डच्या आधीची दहा सेकंदं

सीप्झमधल्या एका ऑफिसात काही वर्षांपूर्वी आमची रोजची कुरकुर असायची: दुरून लॉगिन करायला गेलं की लिनक्स (युनिक्सच्याच धर्तीचा) सर्व्हर पासवर्ड विचारायलाच दहा सेकंदं लावतो. एकदा आत शिरलं की सगळं सुसाट. पिंग, म्हणजे लाइन जिवंत आहे का ते बघायची हाक, स्वच्छ; फाइलीही झटपट जायच्या. तरी बोल लाइनलाच, कारण मुंबईत खोळंबा झाला की लाइनच आठवते, मग ती लोकलची असो की लीज्ड.

खरी मेख १९८३ सालची. त्या वर्षी युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीसोबत आरलॉगिन, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय, आलं आणि त्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे मशीनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा, आराखडा मांडला. आरलॉगिनचा कारभार घरगुती होता. डॉट-आरहोस्ट्स फाइलीत ओळखीच्या मशीनचं नाव असलं की पासवर्डसुद्धा लागत नसे. पण जोडणीबरोबर येतो नुसता आयपी पत्ता, म्हणजे मशीनचा आकडी पत्ता. त्यावरून नाव सर्व्हरनेच हुडकायचं, म्हणजे उलटा शोध. आता, उलट्या नोंदी असतात त्या पत्त्यांच्या मालकाच्या हाती. तो स्वतःला वाट्टेल ते नाव लावून घेईल! म्हणून मिळालेल्या नावावरून पुन्हा पत्ता काढून ताडून पाहायची रीत पडली. एका लॉगिनमागे दोन शोध.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरीला गेले आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी आरलॉगिनच्या जागी सुरक्षित असं एसएसएच लिहिलं. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं.) कूटलेखन आलं, चाव्या आल्या, पासवर्ड उघड्यावर जायचा थांबला. नाव ताडायची सवय मात्र तशीच पुढे आली, एसएसएचच्या मुक्त अवतारात, १९९९ च्या ओपनएसएसएचमध्येही.

‘नोंद नाही’ असं उत्तर लगेच आलं तर या सवयीचा त्रास होत नाही. उत्तरच आलं नाही तर होतो. लिनक्सचा रिझॉल्व्हर, म्हणजे हे शोध घेणारा भाग, एका नेमसर्व्हरसाठी (डीएनएसची उत्तरं देणाऱ्या मशीनसाठी) पाच सेकंदं ताटकळतो, मग यादीतल्या पुढच्याकडे वळतो. ही यादी ज्यात असते त्या आमच्या रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलीत पहिल्या ओळीवर कधीच बंद केलेल्या नेमसर्व्हरचा पत्ता होता. उलट्या शोधाला पाच, सुलट्याला पाच. झाली दहा.

२०१५ मध्ये ओपनएसएसएचच्या ६.८ आवृत्तीपासून यूजडीएनएस, म्हणजे नाव ताडायची ही सेटिंग, मुळातच बंद असतं. आमचा सर्व्हर त्याआधीचा. नव्यातही कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेची जीएसएसएपीआय पद्धत चालू असली की पासवर्डच्या आधी असाच खोळंबा होऊ शकतो. आपल्या बाजूचा एसएसएच क्लायंट तीन व्ही (-vvv) लावून, म्हणजे पायरीपायरीचा तपशील मागून, चालवा, गाडी कुठल्या ओळीवर थांबते ते दिसेल. पासवर्ड दिल्यावर थांबत असेल तर डीएनएसचा नाद सोडून पॅम (लॉगिनची तपासणी करणारी यंत्रणा) किंवा एनएफएसवरची, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर ठेवलेली, होम डिरेक्टरी बघावी.

आम्ही ती एक ओळ खोडली आणि पासवर्ड लगेच विचारला जाऊ लागला. नेटवर्कवाल्यांनी त्याच आठवड्यात केबल बदलली होती. श्रेय अर्थातच केबलला गेलं.