नेव्हीची मूठ की आर्मीची मूठ: ग्रिप मागवायच्या आधी करंगळीकडे बघा

आमच्या इथे इंडियानात ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचा (काडतूस नाही, सुटी दारू आणि गोळी ठासायची जुनी जात) नाद लागलेला नवा माणूस दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न विचारतोच, माझ्या नेव्हीला आर्मीची ग्रिप, म्हणजे मूठ, बसेल का? (नेव्ही आणि आर्मी ही अमेरिकेच्या कोल्ट कंपनीची दोन जुनी मॉडेलं.) आणि याचं उत्तर हो पण आहे आणि नाही पण आहे, कारण विचारणाऱ्याच्या मनात ग्रिप म्हणजे लाकडाचा तुकडा असतो, आणि कोल्टच्या या जुन्या बनावटीत मूठ म्हणजे नुसतं लाकूड नाहीच. मी स्वतः इथेच फसलो आणि पैसे घालवले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी नावांचा गुंता सोडवू कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. नेव्ही म्हणजे कोल्टचं १८५१ चं मॉडेल, ३६ कॅलिबर (कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचाच्या शंभराव्या भागात), साडेसात इंची अष्टकोनी नळी. आर्मी म्हणजे १८६० चं, ४४ कॅलिबर, आठ इंची गोल नळी. आपण जे वापरतो ते मूळ कोल्ट नव्हे, इटलीत ब्रेशिया भागात बनणाऱ्या उबर्टी किंवा पिएट्टाच्या प्रतिकृती, पण नावं तीच चालत आलीत. आता नेव्ही म्हटलं की वाटतं आरमारासाठी केलेलं असणार, तर तसं काही नाही, त्याच्या सिलिंडरवर (गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग) १८४३ च्या टेक्सासचं आरमार विरुद्ध मेक्सिकोचं आरमार या लढाईचं चित्र कोरलंय आणि ३६ कॅलिबरला तेव्हा नेव्ही म्हणायची पद्धत पडली. वापरलं ते जमिनीवरच्याच लोकांनी जास्त. पश्चिमेकडचा नावाजलेला बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक दोन नेव्ही बाळगायचा, यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या जनरल रॉबर्ट ली कडे पण एक होतं. त्यात भर म्हणजे आज प्रतिकृतीवाले ४४ कॅलिबरचं "नेव्ही" पण विकतात, जे कोल्टने कधी बनवलंच नव्हतं, त्यामुळे कॅलिबर बघून मूठ कुठली हे ओळखायला जाऊ नका. मूठ वेगळी बघायची, नळी वेगळी बघायची.

तर आता मुठी शेजारी शेजारी ठेवा. नेव्हीची मूठ आखूड, खाली जरा पसरत जाणारी, हातात घेतली की मधली तीन बोटं नीट बसतात आणि करंगळीला जागा उरत नाही (माझ्यासारख्या मोठ्या पंजाच्या माणसाला तरी नाही). आर्मीची मूठ लांब, ठेवण साधारण तीच पण खालून वाढवलेली, करंगळी मावेल एवढी. नुसत्या फोटोत बघितलं तर फरक पटकन कळत पण नाही, हातात दोन्ही घेतल्या की एका सेकंदात कळतो. गोळी सुटली की नेव्ही हातात वर फिरते, तळहातातून सरकत वर जाते आणि घोडा (मागचा हॅमर, जो दर गोळीआधी अंगठ्याने मागे ओढायचा) आपोआप अंगठ्याच्या जवळ येतो, ज्यांना सवय आहे त्यांना हे फार आवडतं. आर्मी हातात धरून राहते, फिरत नाही तेवढी.

इथे बरेच जण एक चूक करतात, आर्मी नंतर आली म्हणजे ती सुधारलेली, म्हणजे ती चांगली. असं असतं तर कोल्टने १८७३ चं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, ज्याला लोक पीसमेकर म्हणतात, त्याला आर्मीची मूठ दिली असती ना? नाव आर्मी, गिऱ्हाईक लष्कर, कॅलिबर मोठं, आणि मूठ दिली नेव्हीची. सिनेमात काउबॉयच्या हातात जी मूठ दिसते ती म्हणजे १८५१ ची नेव्हीच. गंमत अशी की १८६० च्या अगदी पहिल्या काही आर्मी रिव्हॉल्व्हरना सुद्धा नेव्हीच्या मापाची मूठ आणि साडेसात इंची नळी होती, लांब मूठ त्यानंतर ठरली. म्हणजे कोल्टच्या कारखान्यात पण हे मागे-पुढे चाललेलं होतं. माझं स्वच्छ मत आहे की यात चांगली वाईट काही नाही, पंजा कुठला आहे तो प्रश्न आहे.

अदलाबदल शक्य का होते ते बघू. कोल्टने १८६० ला नवीन फ्रेम, म्हणजे मधला सांगाडा, केली नाही, नेव्हीचीच फ्रेम घेतली आणि ४४ चा जाड सिलिंडर बसावा म्हणून फ्रेमच्या पुढच्या भागात एक पायरी कापली, सिलिंडर पण पुढे जाड मागे बारीक असा केला. म्हणून पुढचा अर्धा भाग, म्हणजे आर्मीचा सिलिंडर, तो नेव्हीच्या फ्रेमवर पायरी नसल्यामुळे बसणारच नाही, पण मागचा अर्धा भाग, जिथे मूठ लागते, तो एकाच जातीचा. म्हणून एकाच कंपनीची दोन्ही असतील तर मुठी इकडच्या तिकडे होतात.

पण मूठ म्हणजे काय काय, इथे लक्ष द्या. मागची धातूची पट्टी, जिला बॅकस्ट्रॅप म्हणतात, ती एक. ट्रिगर गार्ड आणि त्यालाच जोडून खाली येणारी पुढची पट्टी हे दुसरं. या दोन पट्ट्यांच्या मध्ये सँडविचसारखं बसणारं अखंड लाकूड हे तिसरं. आणि चौथी मेन स्प्रिंग, जी सगळे विसरतात. ही स्प्रिंग खाली पुढच्या पट्टीला स्क्रूने लागते आणि वर घोड्याला ढकलते, आर्मीची पट्टी लांब म्हणून तिची स्प्रिंग पण लांब, नेव्हीची स्प्रिंग तिथे लावली तर वर घोड्यापर्यंत नीट पोचतच नाही. चारही वस्तू एकत्र हलवायच्या, एक जरी राहिली तरी काम अडलं.

मी काय केलं तर नेव्ही घेतलं, करंगळी लटकते म्हणून वैतागलो, आणि आर्मीचं नुसतं लाकूड मागवलं. अक्रोडाचं सुंदर लाकूड आलं, रेषा काय सुरेख, आणि नेव्हीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवलं तर खालून बाहेर आलेलं, बॅकस्ट्रॅपचा स्क्रू लागायचा प्रश्नच नाही. कापून बसवावं म्हटलं तर मग लांब मूठ राहतच नाही, परत नेव्हीच झाली. मग वापरलेल्या पार्टचा पूर्ण सेट विकत घेतला, विकणाऱ्याने सांगितलं बसेल, तो निघाला दुसऱ्याच कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचा. दोन भोकं जुळली, तिसरं जवळजवळ अर्ध्या भोकाएवढं सरकलेलं. कानस घेऊन भोक ओढायचा मोह होतो तेव्हा, पण नका करू, पट्टी वाया जाते आणि स्क्रू तिरका बसतो. उबर्टीचं उबर्टीला आणि पिएट्टाचं पिएट्टाला, हा साधा नियम मला तेव्हा कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

शेवटी बायकोमुळे सुटलं. तिला पण नाद लागला, आणि तिने घेतलं उबर्टीचं १८६० आर्मी, दिसायला देखणं म्हणून. तिचा पंजा लहान, आर्मीची मूठ तिच्या हातात भरून उरायची, घोडा ओढताना दर वेळी पकड सोडून परत धरायला लागायची. माझं नेव्ही पण उबर्टीचं. एका रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि मुठींची अदलाबदल करायला दोन्ही खोलली.

क्रम सांगतो. आधी सिलिंडरची सहाही घरं रिकामी आहेत आणि निपलवर (प्रत्येक घरामागची बारीक नळी) कॅप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, नाही हे दोघांनी वेगवेगळं बघायचं. वेज (नळी अडकवून ठेवणारी पाचर) काढून नळी बाजूला, सिलिंडर बाजूला. मग बॅकस्ट्रॅपचे तीन स्क्रू, खाली मुठीच्या तळाला एक आणि वर घोड्याच्या दोन बाजूंना दोन, ते निघाले की बॅकस्ट्रॅप आणि लाकूड हातात येतं. मग मेन स्प्रिंगचा स्क्रू सैल करून स्प्रिंग घोड्याखालून बाजूला सरकवायची आणि काढायची, मग ट्रिगर गार्डचे तीन स्क्रू. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच हवा, घरातला कुठलाही चालत नाही, खाच एकदा चेमटली की ती जखम कायमची. आणि सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, म्हणून आम्ही एका पुठ्ठ्यावर दोन्ही रिव्हॉल्व्हरचं चित्र काढून भोकं पाडली आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकात खोचला.

लावताना एक गोष्ट हाताला लगेच कळते. कारखान्यात पट्ट्या आणि फ्रेम एकत्र जोडून घासतात, त्यामुळे ज्याची पट्टी त्याच्याच फ्रेमशी अगदी सपाट बसते. दुसऱ्याची लावली की जोडावर नख अडकतं, कुठे पितळ केसभर वर, कुठे फ्रेम. माझ्या नेव्हीला डाव्या बाजूला असं झालं. काम चालतं, दिसायला खटकतं. घासून सपाट करता येतं पण मग ती पट्टी त्या रिव्हॉल्व्हरचीच झाली, परत फिरवाल तर जुन्या घरी बसणार नाही, म्हणून आम्ही घासलं नाही. लाकडाला वरच्या बाजूला थोडं लागत होतं, तिथे दिव्याची काजळी फ्रेमला धरून लाकूड दाबून बघितलं, काळा डाग उठला तेवढंच काचपेपरने काढलं आणि जवसाचं तेल लावलं. रंग पण बदलतो हे लक्षात असू द्या, नेव्हीची मागची पट्टी पितळी आणि आर्मीची पोलादी, त्यामुळे आता माझ्या नेव्हीची पाठ निळसर काळी आहे आणि तिच्या आर्मीची सोन्यासारखी.

रेमिंग्टन १८५८, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं त्याच काळातलं रिव्हॉल्व्हर, असणाऱ्यांनी यातलं काही करायला जाऊ नये. तिथे मुठीचा सांगाडा फ्रेमशी अखंड आहे, बाजूंना लाकडाच्या दोन फळ्या एका स्क्रूने लागतात, त्या जाड किंवा बारीक घेता येतील पण लांबी वाढत नाही. ट्रिगर गार्डच्या मागे मधल्या बोटाचं हाड आपटतं ही तिथली नेहमीची तक्रार, ती फळ्या बदलून पूर्ण जात नाही.

आणि हे सगळं अमेरिकेतलं. इथे केंद्राच्या कायद्यात या प्रतिकृती साध्या बंदुकीत मोजत नाहीत, राज्याराज्यात नियम वेगळे, ते आपापले बघायचे. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही लायसन्स लागतं. कोकणात आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी होती, रानडुकरं आणि माकडांपायी, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायचे. त्या बंदुकीचा दस्ता आजोबांनी गावच्या सुताराकडून तासून घेतलेला, खांद्याला टोचायचा म्हणून. मी सुट्टीत गेलो की ते मला हात लावू द्यायचे नाहीत, पण तो तासलेला भाग मला आठवतो, बाकी लाकूड काळं आणि तेवढा खांद्याचा तुकडा उजळ.

मूठ मागवायच्या आधी एवढं करा. कोणाकडे तरी जाऊन दोन्ही हातात घ्या, रिकाम्या, डोळे मिटून समोर धरा, मग डोळे उघडून बघा नळी कुठे बघतेय. करंगळी लटकली म्हणून लगेच आर्मी घेऊ नका, ती मुठीच्या तळाखाली दुमडून बघा, बरेच जुने नेमबाज तसंच धरतात आणि त्यांना दुसरं नकोच असतं. मला ते जमलं नाही. बायकोला पहिल्याच दिवशी नेव्हीच्या मुठीवर घोडा पकड न सोडता ओढता आला, पंचवीस यार्डावर पाच गोळ्या कागदावर लागल्या, सहावी कुठे गेली ते सापडलं नाही. चारही पार्ट तेव्हापासून तसेच आहेत आणि तो पुठ्ठा मी ठेवून दिलाय.