कल्याण जंक्शन : रूळ, सांधे आणि मेगाब्लॉक यांची पार्श्वभूमी

‘उद्या ब्लॉक कुठे आहे?’, म्हणजे रुळांच्या कामासाठी कोणता मार्ग काही तास बंद राहणार, हा प्रश्न मध्य रेल्वेच्या प्रवाशांच्या घरी शनिवारी रात्री हमखास निघतो आणि उत्तर ‘ठाणे-कल्याण’ असे आले की रविवारचे बेत बदलावे लागतात. या त्रासाचे खापर बहुतेक वेळा ढिसाळ नियोजनावर फोडले जाते. माझ्या मते त्याचे मूळ बरेच जुने आहे आणि कल्याणचे जंक्शन जिथे व ज्या रीतीने वाढत गेले, त्यातच ते दडलेले आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि त्यानंतर जेमतेम वर्षभराने, १ मे १८५४ रोजी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे सह्याद्री आडवा होता. तो ओलांडण्यासाठी कंपनीने दोन वाटा धरल्या. पुण्याकडे नेणारा बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, तर नाशिककडे नेणारा थळघाटाचा १८६५ मध्ये. या दोन्ही वाटा कल्याणलाच फुटत असल्यामुळे घाटावरून मुंबईत उतरणारी आणि मुंबईहून घाटावर चढणारी कंपनीची सारी वाहतूक त्या एका यार्डातून, म्हणजे स्थानकालगतच्या रुळांच्या जाळ्यातून, जाऊ लागली. पारसिकचा बोगदा १९१६ मध्ये झाला, विजेवरची गाडी १९२९ मध्ये पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत गेली. दर वेळी गाड्या वाढल्या, मात्र त्यांना वाट देणारे यार्ड गावाच्या मधोमध अडकलेलेच राहिले.

जंक्शनमधला रूळ सरळ मार्गावरच्या रुळापेक्षा लवकर झिजतो, कारण तिथे गाड्या ब्रेक लावतात, पुन्हा वेग घेतात आणि एका मार्गावरून दुसऱ्यावर वळतात. हे वळणे ज्यावर होते त्या सांध्याकडे जवळून पाहिले, तर रूळ एकमेकांना छेदतात तिथे पात्याच्या टोकासारखे एक नाक दिसते. त्याच्या अलीकडे चाकाची आतल्या बाजूची खाली उतरलेली कड पार जावी म्हणून फट ठेवलेली असते, आणि प्रत्येक चाक ती फट ओलांडताना नाकावर आदळते. फलाटात शिरणाऱ्या गाडीची नेहमीची लय मोडून जी खडखड ऐकू येते, ती बरीचशी या आदळण्याची असते. बारा डब्यांच्या लोकलला ९६ चाके असतात, म्हणजे एका बाजूची ४८; एक गाडी गेली की नाकावर ४८ घाव बसले असा साधा हिशेब आहे.

ही अडचण एकट्या कल्याणची नाही. इंग्लंडमधील डर्बी स्थानकात एका वर्दळीच्या जागी लोखंडी रूळ सहा महिन्यांत, कधी कधी तर तीनच महिन्यांत बदलावे लागत. तिथे १८५७ मध्ये रॉबर्ट मुशेट यांच्या पोलादाचा रूळ प्रयोगादाखल बसवला गेला आणि तो १८७३ पर्यंत टिकला. जगातला पहिला पोलादी रूळ मोकळ्या माळावर न बसवता गजबजलेल्या स्थानकात बसवला गेला, हे मला फार बोलके वाटते. पुढे रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८० च्या दशकात मँगेनीजयुक्त पोलाद तयार केले. घाव बसतील तसतसा त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो, म्हणून सांध्याच्या नाकासाठी ते आजही वापरले जाते.

रुळाखालच्या स्लीपरची, म्हणजे रूळ ज्यावर अडकवतात त्या आडव्या पट्ट्यांची, कथा वेगळी आहे. साध्या मार्गावर लाकडाची जागा बिडाच्या आणि पोलादी स्लीपरांनी घेतली, तरी यार्डात लाकूड टिकून राहिले, कारण रुळांतून वीज सोडून गाडीची उपस्थिती ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटला धातूचा स्लीपर चालत नाही. सिमेंटच्या स्लीपरांनी ही अडचण दूर केली, पण सांध्याखालचा स्लीपर टप्प्याटप्प्याने लांब होत जातो आणि त्यावर रूळ अडकवण्याच्या जागाही बदलतात, त्यामुळे प्रत्येकाला क्रमांक देऊन तो त्याच क्रमाने बसवावा लागतो. क्रम चुकला तर सांधा जुळत नाही.

खडीचे काम तर आणखी किचकट. मोकळ्या मार्गावर खडी उकरून चाळणारे यंत्र सलग चालवता येते. यार्डात सांधे, केबल, सिग्नलचे खांब आणि शेजारचा चालू मार्ग यांमुळे बरेच काम अजूनही फावड्याने आणि पहारीने होते. गाळ आणि कचरा यांनी खडी तुंबली की पावसाचे पाणी रुळांतच साचते आणि ट्रॅक सर्किट गाडी नसतानाही गाडी असल्याचे दाखवू लागते. ‘सिग्नल बिघाडामुळे गाड्या उशिराने’ ही पावसाळ्यातली उद्घोषणा कित्येकदा खडीपासून सुरू झालेली असते.

हे सगळे करायचे केव्हा? मध्य रेल्वेवर रोज सुमारे १८०० लोकल फेऱ्या होतात. शेवटची लोकल मध्यरात्र उलटल्यावर जाते आणि पहिली पहाटे सुटते. मधल्या तासांत मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या कल्याणमधून जातच असतात. जी मोकळीक मिळते त्यातला काही वेळ वीजपुरवठा बंद करण्यात आणि काम संपल्यावर सांधा तपासून मार्ग परत देण्यात जातो. रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगमनच्या हाती प्रत्यक्ष उरतो तो वेळेचा एक तुकडा. रविवारी गर्दी कमी म्हणून सलग काही तासांचा ब्लॉक घेण्याची रीत पडली ती याच टंचाईतून, आणि त्या तासांत न मावणाऱ्या कामांसाठी वेगळे ब्लॉक आले. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाच्या जोडणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांचा ब्लॉक झाला; ठाण्याचा फलाट रुंद करताना मे-जून २०२४ मध्ये ६३ तासांचा.

आता कल्याण यार्डाचीच फेररचना हाती घेण्यात आली आहे. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांनी एकमेकींची वाट अडवू नये म्हणून मेल-एक्सप्रेससाठी मालधक्क्याच्या बाजूला स्वतंत्र फलाट देण्याची ही योजना आहे. नवे मार्ग बाजूला मोकळ्या जागेत टाकता येतात, पण ते जुन्या मार्गांना जोडणारे सांधे चालू रूळ कापूनच बसवावे लागतात, आणि त्यासाठीही ब्लॉकच घ्यावा लागणार आहे.