मायनस ट्रॅक मिळाला की आधी गाऊन पाहा, मग फोन करा

जुनी इंग्रजी पॉप गाणी गाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

तुमच्यापैकी बरेचजण आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्यांदा येताय, त्यामुळे मायनस ट्रॅक म्हणजे काय आणि पट्टी म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. लग्नाच्या रिसेप्शनला, नाताळच्या कार्यक्रमाला, सोसायटीच्या गॅदरिंगला गायचं म्हणून तुम्ही साठ-सत्तरच्या दशकातल्या एखाद्या गाण्याची लिंक पाठवता आणि आम्ही आवाज सोडून बाकी सगळं नव्याने वाजवून तुमच्या पट्टीत ट्रॅक देतो. ट्रॅक पोचला की तासाभरात फोन येतो: "छान झालाय हो, पण पहिलं कडवं अगदी रिकामं वाटतंय. जरा भरा ना."

वसईतल्या आमच्या स्टुडिओचा सगळ्यात जास्त वेळ ह्या एका वाक्यापायी जातो. तुमचाही जातो, म्हणून हे पत्रक.

एका ताईंनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' गायचं ठरवलं होतं. आम्ही ट्रॅक दिला. त्यांना सुरुवात सुनी वाटली, म्हणून आम्ही स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी गजाची वाद्यं) घातल्या. तरी मन भरेना, म्हणून बेस घातला. मग मागून हलका कोरस. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी त्या स्टुडिओत माइकवर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच ओळीला थांबल्या. म्हणाल्या, माझा मलाच आवाज सापडत नाहीये. आम्ही काही न बोलता पहिला ट्रॅक लावला. त्या गायल्या, डोळे मिटून, एकदाही न थांबता. तोच ट्रॅक कार्यक्रमात वाजला. मधले पंधरा दिवस मात्र फुकट गेले. ते पंधरा दिवस सरावाला मिळाले असते तर त्यांना किती उपयोग झाला असता, ही रुखरुख आम्हाला अजून आहे.

घोटाळा कुठे होतो ते सांगतो. ट्रॅक आला की आपण तो मोबाइलवरच लावतो, स्पीकर ऑन करतो आणि नुसता ऐकतो. गात नाही. म्हणजे त्या क्षणी गाण्यातल्या दोन मोठ्या गोष्टी नसतात. पहिली म्हणजे तुमचा आवाज. अरेंजरने सगळी मांडणी ज्याच्या भोवती केलेली असते तोच गायब! नवरी स्टेजवर आलेलीच नसताना मांडव सुना दिसतो म्हणून त्यात आणखी खुर्च्या मांडण्यासारखं आहे हे. दुसरी गोष्ट बेस. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा असतो आणि मोबाइलचा नखाएवढा स्पीकर तिथवर पोचतच नाही. तुम्हाला ऐकू येतात त्या सुराच्या वरच्या छटा, त्याही पुसट. गाण्याचा पाया आम्ही घातलेला असतो, पण तुमच्या कानापर्यंत तो आलेला नसतो.

आता मूळ गाण्यात काय आहे ते पाहू, कारण "ओरिजिनलसारखंच हवं" असं तुम्हीच सांगितलेलं असतं.

'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' १९७० सालचं. गाणं पॉल सायमनचं, आवाज आर्ट गारफंकलचा, पियानो लॅरी नेक्टेलचा. सायमनने ते गिटारवर 'जी' (G) पट्टीत बांधलं होतं, पियानोवर ते ई फ्लॅटला आणलं गेलं. पहिल्या कडव्यात पियानो आणि आवाज, बस्स. हेडफोन लावून ऐका: गारफंकल ओळ संपवतो, श्वास घेतो, आणि नेमक्या तेवढ्याच फटीत पियानोचा उजवा हात दोन-चार सूर बोलून जातो. तो पुन्हा गायला लागला की पियानो मागे सरतो. ड्रम्स आणि स्ट्रिंग्जची लाट येते ती शेवटच्या कडव्यात. मूळ गाणं दोनच कडव्यांचं होतं. गारफंकल आणि ध्वनिमुद्रक रॉय हेली यांना शेवट आणखी मोठा व्हायला हवा असं वाटलं, म्हणून सायमनने तिसरं कडवं स्टुडिओत लिहिलं. गाणं चढायला जागा हवी म्हणून कडवंच्या कडवं वाढवलं, पण पहिल्या कडव्याला कुणी हात लावला नाही. तिथे आम्ही स्ट्रिंग्ज घातल्या तर शेवटी ती लाट आणायची कुठून?

जुनी हिंदी गाणी तुम्ही ऐकतच असाल. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत ओळ संपली की व्हायोलिन उत्तर देतात, ओळीच्या मागून वेगळीच सुरावट चालत राहते. ह्या ऑब्लिगाटोच्या कामात त्यांचे अरेंजर, गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा, यांचा हात मोठा होता. ते कानाला गोड लागतं, कारण व्हायोलिन गायकाच्या वाटेत येत नाहीत. जागा कुठे आहे हे ओळखणं आणि तिथेच बोलणं, हेच अरेंजरचं काम.

रिकामं आणि मोकळं ह्यांतला फरक कळायला 'एलिनॉर रिग्बी' ऐका, बीटल्सचं, १९६६ सालचं. ड्रम्स नाहीत, गिटार नाही, बेस गिटार नाही. चौघांपैकी एकानेही वाद्य वाजवलेलं नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा), दोन चेलो (त्याहून मोठा, खर्जातला), एवढ्यावर जॉर्ज मार्टिन यांनी सगळी मांडणी केली. तरी गाणं रिकामं वाटतं का? ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी माइक वाद्यांच्या अगदी जवळ नेले, त्यामुळे गज तारेवर घासल्याचा खरखरीतपणासुद्धा ऐकू येतो. शिवाय सूर लांबवत न ठेवता छोटे, तुटक घाव घातले आहेत. ड्रम्सचं काम ते घावच करतात. ह्या गाण्याला "जरा रिदम टाका" अशी मागणी आमच्याकडे आजवर अनेकदा आली आहे आणि दर वेळी आम्ही नम्रपणे नाही म्हटलं आहे. पुढेही म्हणू. पैसे मिळतात म्हणून चांगल्या गाण्याची नासाडी आमच्या हातून होणार नाही.

काही जण विचारतील, मग भरगच्च गाणी नसतातच का? असतात की! रॉनेट्स ह्या गायिकांच्या गटाचं 'बी माय बेबी', १९६३, लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओतलं. निर्माता फिल स्पेक्टर, अरेंजर जॅक निट्शी, ड्रम्सवर हॅल ब्लेन. एका खोलीत अनेक गिटार, एकाहून जास्त पियानो, ब्रास, तालवाद्यं, सगळे एकदम वाजवत. तो आवाज दुसऱ्या एका बंद खोलीत स्पीकरवर सोडायचा आणि तिथल्या भिंतींवरून घुमून आलेला पुन्हा माइकने उचलायचा, तीच त्यांची एको चेंबर. लोक ह्याला आवाजाची भिंत म्हणतात. पण सुरुवात ऐका: जाड ड्रमचे तीन ठोके, चौथ्या मात्रेवर एकच कडक फटका. पॉपमध्ये स्नेअर, म्हणजे तो कडक आवाजाचा ड्रम, एरवी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. इथे दुसरी मात्रा मोकळी सोडली आहे. एवढी वाद्यं असूनही ठेक्याला श्वास आहे, तो त्या सोडलेल्या फटक्यामुळे. शिवाय तीन गिटार असल्या तरी त्या तीन निरनिराळ्या गोष्टी वाजवत नाहीत, एकच गोष्ट मिळून वाजवतात, म्हणून कानाला एकच जाडजूड वाद्य लागतं. तुम्ही जेव्हा "भरा" म्हणता तेव्हा बहुतेक वेळा तुम्हाला जाडी हवी असते, गर्दी नव्हे. जाडी आम्ही मिक्सिंगमध्ये देऊ शकतो. नुसतं तेवढं सांगा, "पियानो जरा जाड हवा." अर्ध्या तासाचं काम आहे.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या 'आय ॲम नॉट इन लव्ह' ह्या गाण्याबद्दल. टेन सीसी हा बँड, १९७५, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ. मोबाइलवर ऐकलं तर इलेक्ट्रिक पियानो, थोडी गिटार आणि छातीच्या ठोक्यासारखा मंद बास ड्रम, एवढंच कळतं. खरं गाणं त्याच्या मागे आहे. बँडमधल्या तिघांनी एकेक सूर सोळा-सोळा वेळा गाऊन घेतला, म्हणजे एका सुराला ४८ आवाज. असे १३ सूर, एकूण ६२४ आवाज. प्रत्येक सुराची टेप गोल जोडून अखंड फिरत ठेवली आणि मिक्सरच्या एकेका फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खटक्यावर) एकेक सूर आणला. मग ते मिक्सरच वाद्यासारखं वाजवत बसले: ज्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाला) जे सूर हवेत ते फेडर वर, बाकीचे खाली. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून खाली चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे सगळ्या सुरांचा एक बारीक धूर गाणंभर राहतो. आपल्याकडे गायकाच्या मागे तंबोरा असतो ना, तसं त्या धुराने गाणाऱ्याला धरून ठेवलं आहे. तंबोऱ्यासारखाच तो लक्षात येत नाही, पण बंद केला की गाणारा उघडा पडतो. आमच्या ट्रॅकमध्ये हा थर आम्ही माणसांच्या आवाजात थरावर थर रेकॉर्ड करून देतो, कीबोर्डवरच्या तयार कोरसने नाही. त्याला दोन दिवस लागतात आणि दरही थोडा जास्त पडतो. हेडफोन लावून एकदा ऐकलंत तर तो का, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता ॲपबद्दल, कारण विचारणा रोज होते. "मोबाइलमध्ये फुकट आवाज काढून मिळतो, मग तुमच्याकडे कशाला?" सरावासाठी जरूर वापरा, आम्ही स्वतःही एखादं वाद्य नीट ऐकायला वापरतो. पण जुन्या गाण्यांत गायकाच्या आवाजाची एको इतर वाद्यांत मिसळलेली असते. 'बी माय बेबी'सारख्या मोनो मिक्समध्ये (डावा-उजवा वेगळा नसलेल्या) तर सगळं एकजीव आहे. आवाज काढला तरी त्याची सावली मागे राहते आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरवर ती भुतासारखी ऐकू येते. दुसरं, पुरुषाचं गाणं बाईंना गायचं असेल तर पट्टी चार-पाच सुरांनी हलते. मशीनने तेवढं ओढलं की ड्रम्स आणि पियानो खेळण्यातले वाटू लागतात. आम्ही नव्या पट्टीत पुन्हा वाजवतो, आणि पट्टी खाली गेली तर पियानोचा डावा हात गढूळ होऊ नये म्हणून कॉर्डची बैठकच बदलतो.

"ओरिजिनल माझ्या कीबोर्डला जुळत नाही" असंही काही जण सांगतात. कीबोर्ड बिघडलेला नसतो. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे गाणं वेगवेगळ्या पट्टीतल्या आणि लयीतल्या दोन टेक्सच्या टेपचा वेग बदलून, त्या जोडून तयार झालं, म्हणून ते दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी बसतं. आमचा ट्रॅक नेहमी ४४० हर्ट्झवर, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या ट्यूनिंगवर असतो. बँडबरोबर गाणार असाल तर काळजी नको.

आणि 'डान्सिंग क्वीन' घेणाऱ्यांनो, ॲबाचं हे गाणं कडव्याने सुरू होत नाही. पियानोवरून बोट घसरतं, थोडी सुरुवातीची धून होते आणि शब्द थेट कोरसच्या (ध्रुवपदाच्या) उत्तरार्धाने सुरू होतात. तिथे हमखास उशीर होतो. ताल पकडता यावा म्हणून आम्ही आधी चार ठोके देतो, ते काढून टाकायला सांगू नका.

प्रत्येक ट्रॅकबरोबर आम्ही एक कागद पाठवतो, त्याला आम्ही नकाशा म्हणतो. मूळ गाणं दहा-बारा वेळा ऐकून, दर वेळी एकाच वाद्यावर कान ठेवून तो केलेला असतो: कोणतं वाद्य कितव्या सेकंदाला येतं, कुठे थांबतं, गायकाला श्वासाची जागा कुठे आहे. बरेचजण तो उघडतही नाहीत. कृपया उघडा. ट्रॅकची फाइल उतरवून घ्या, हेडफोन किंवा घरातला मोठा स्पीकर लावा, नकाशा समोर ठेवा आणि पूर्ण आवाजात, उभं राहून, तीनदा गा. मोबाइलवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करा. त्यानंतरही एखादी जागा रिकामी वाटली तर ते रेकॉर्डिंग आणि नेमका सेकंद कळवा. तुमचा आवाज ऐकला की आम्हाला लगेच समजतं, आणि बऱ्याचदा तुमचंच म्हणणं बरोबर निघतं. मागच्या नाताळात एका काकांच्या खर्जातल्या आवाजाला मूळची चेलोची ओळ झाकत होती. त्यांनी सेकंद लिहून पाठवला, आम्ही ती ओळ व्हायोलावर वरच्या सप्तकात नेली. दहा मिनिटांत काम झालं.

दोन दुरुस्त्या ठरलेल्या पैशांतच धरलेल्या आहेत. गाऊन न पाहता सांगितलेली दुरुस्तीही त्यांत मोजली जाते, तेव्हा त्या जपून वापरा. पट्टी ठरवायला अर्धा तास स्टुडिओत या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लिंक पाठवताना स्टुडिओ रेकॉर्डिंगचीच पाठवा, लाइव्ह कार्यक्रमाची नको, त्यात मांडणी वेगळी असते. नाताळ आणि त्यानंतरच्या लग्नांसाठी ऑक्टोबर संपण्याआधी गाणी कळवा.